बुटांचा खोका

सुनावणी सहाला सुरू झाली, हजर एकोणीस.
इतिवृत्त लिहायला मी.
कौंटीच्या सभागृहातला हीटर एकाच बाजूने तापतो,
म्हणून विरोधक आणि समर्थक
दोघंही डाव्या भिंतीला चिकटून बसलेले.

कलम दोन, व्याख्या.
‘न वापरलेले औषध म्हणजे असे औषध, की जे...’
इथे वकील अडला.
स्वल्पविराम कुठे द्यायचा यावर अकरा मिनिटं गेली.
मी ती लिहिली.

औषध कंपनीचा माणूस पोर्टलंडहून आलेला,
आमच्या चिखलातून बूट जपत.
परत घेतलेल्या गोळ्या जाळायचा खर्च कोणी सोसायचा,
एवढंच विचारत होता,
फार गोड आवाजात, तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी.

मत्स्यखात्यातली मुलगी सॅमनबद्दल बोलली.
संडासात ओतलेलं नदीत येतं, म्हणाली,
झोपेचं, दुखण्याचं, उदासीचं,
पिल्लांच्या यकृतात सापडतं.
मागून कोणीतरी म्हणालं,
“तरीच हल्ली गळाला लागतात ते इतके समजूतदारपणे!”
सगळे हसले. हशा लिहायचा नसतो.

मग आइली कोस्केला.
वय एक्क्याऐंशी, वेळ दोन मिनिटं.
काखेत बुटांचा खोका, माप बारा, नवऱ्याचं.
टेबलावर ठेवून तिने रबरबँड सोडला.

“छातीवर चिकटवायच्या पट्ट्या, सात.
या पांढऱ्या, एक्केचाळीस.
आर्वो फेब्रुवारीत गेला. तेव्हापासून
माझ्या घराला कुलूप आहे. त्याआधी नव्हतं.
नातू चांगला आहे. नातवाचे मित्र मला ठाऊक नाहीत.
ड्वेनच्या दुकानात नेलं, तर म्हणाला,
विकायची परवानगी आहे मला, परत घ्यायची नाही.
शेरिफच्या कचेरीत गेले. तिथल्या पोराने विचारलं,
ज्याच्या नावावर आहेत तो कुठाय?
शेजारीण म्हणते, कॉफीच्या चोथ्यात कालव
आणि दे कचऱ्यात.
कालवलंही असतं.
पण आमच्या गल्लीत अस्वलं येतात.”

लाल दिवा लागला.

“आणि ते तुमचं ‘न वापरलेले’.
मी रोज रात्री मोजते त्या.
वापरतेच की.”

मधल्या रांगेत ड्वेन पिकेट उठला, टोपी हातात.
बोलणाऱ्यांच्या यादीत नाव दिलं नव्हतं त्याने,
म्हणून नियमाप्रमाणे त्याला बोलता येईना.
उभाच राहिला थोडा वेळ.
नुसतं उभं राहणं कुठल्या रकान्यात लिहितात,
वीस वर्षं झाली, मला अजून माहीत नाही.

तीन विरुद्ध दोन. विषय पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब.

माणसं कोट चढवून गेली.
आइलीही गेली, खोका टेबलावर ठेवून.
विसरली म्हणावं,
तर रबरबँड तेवढा मनगटात घालून नेला होता.

अध्यक्षांनी हात पुढे केला
आणि मध्येच खिशात घातला.
कायद्याने त्या खोक्याला शिवू शकेल असा एकच माणूस,
तो चाळीस मैलांवर,
उलटलेल्या लाकडांच्या ट्रकपाशी रहदारी वळवत उभा.
“येईल तो,” अध्यक्ष म्हणाले, आणि तेही गेले.

एउसेबियो फडकं घेऊन आला.
टेबल पुसलं त्याने, कडेकडेने,
खोक्याभोवती वळसा घालून,
जसं झोपलेल्या माणसाच्या बाजेखालून झाडतात.
मग कोरड्या चौकोनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि निम्मे दिवे चालू ठेवून निघून गेला.

मी लिहिलं: सभा आठ वाजून दहा मिनिटांनी संपली.
खुर्ची ओढून हीटरपाशी घेतली.

माझ्या घरी, आरशामागच्या कप्प्यात,
मुलाची अक्कलदाढ काढली तेव्हाच्या गोळ्या आहेत.
किती, असं आत्ता कोणी विचारलं असतं
तर मला सांगता आलं नसतं.